साक्ष क्रिओलमध्ये, नोंद इंग्रजीत

मॉरिशसमधल्या जिल्हा न्यायालयात साक्षीदार बोलतो क्रिओलमध्ये. न्यायाधीशांना ती कळते, वकिलांना कळते, कारकुनालाही कळते. घरी ते सगळे तीच बोलतात. तरीही कागदावर उतरते ते इंग्रजी. अपील झाले, तर वरचे न्यायालय वाचते तेही इंग्रजीच. शेवटचे अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. साक्षीदाराच्या तोंडचे मूळ शब्द त्या प्रवासात पहिल्याच पायरीवर मागे राहिलेले असतात.

हे नुकसान किती खरे आहे, हे क्रिओलचे व्याकरण पाहिले की कळते. शब्द बहुतेक फ्रेंच वळणाचे. पण क्रियापदाला फ्रेंचसारखे प्रत्यय लागत नाहीत. काळ दाखवायला क्रियापदाच्या आधी छोटे शब्द येतात. ‘मो मांझे’ म्हणजे मी जेवतो, ‘मो पे मांझे’ म्हणजे मी जेवतो आहे, ‘मो ती मांझे’ म्हणजे मी जेवलो. आता ‘ली ती पू विनी’ हे वाक्य घ्या. संदर्भानुसार त्याचा अर्थ ‘तो येणार होता’ असा होईल किंवा ‘तो आला असता’ असा. खटल्यात या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. इंग्रजी नोंद करणाऱ्याला त्यातला एक अर्थ त्याच क्षणी निवडावा लागतो, आणि मागाहून शंका आली तर पडताळून पाहायला मूळ वाक्य कागदावर नसते.

मॉरिशसच्या राज्यघटनेने आरोपीला समजेल त्या भाषेत आरोप सांगण्याची आणि दुभाषा देण्याची हमी दिली आहे. ती मोलाची आहे. पण दुभाषा परक्यासाठी असतो. देशातल्या बहुसंख्यांनाच स्वतःच्या न्यायालयात दुभाष्याची सोय पुरवावी लागते, तेव्हा न्यायालय कोणाच्या भाषेत चालते हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

हे असे का झाले, त्याचे उत्तर बेटाच्या इतिहासात आहे. मुळात निर्मनुष्य असलेल्या या बेटावर 18 व्या शतकात फ्रेंचांनी उसाचे मळे उभे केले आणि आफ्रिका व मादागास्करहून गुलाम आणले. मालक आणि गुलाम, तसेच नाना भाषा बोलणारे गुलाम आपापसात, यांच्या व्यवहारातून क्रिओल घडली. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, पण रहिवाशांचे कायदे आणि रीतिरिवाज तसेच ठेवण्याचे मान्य केले. म्हणून दिवाणी संहिता आजही फ्रेंचमध्ये आहे, तर 1847 पासून वरच्या न्यायालयाची भाषा इंग्रजी झाली. त्याआधी 1834 मध्ये ‘अ‍ॅटलस’ जहाजातून गिरमिटियांची, म्हणजे कराराने आणलेल्या भारतीय मजुरांची, सुरुवातीची तुकडी उतरली होती. पुढच्या ऐंशीएक वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसे आली. त्यात भोजपुरी होते, तमिळ होते, तेलुगू होते आणि मुंबई बंदरातून गेलेले कोकण-घाटावरचे आपले मराठीही होते. त्यांची नातवंडे-पतवंडे क्रिओल बोलू लागली. 2022 च्या जनगणनेत सुमारे 90 टक्के लोकांनी घरात क्रिओल बोलत असल्याचे नोंदवले.

1968 मध्ये देश स्वतंत्र झाला. तेव्हाच्या राज्यघटनेच्या 49 व्या कलमाने संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी ठरवली आणि सभासदाला सभापतींशी फ्रेंचमधूनही बोलण्याची मुभा दिली. क्रिओलचे नावही त्यात आले नाही. उमेदवाराला मात्र कामकाजात भाग घेण्याइतके इंग्रजी यायलाच हवे, अशी अट होती. निवडणुकीच्या सभा क्रिओलमध्ये गाजवायच्या आणि निवडून आल्यावर ती भाषा संसदेच्या दाराबाहेर ठेवायची!

शाळेचे चित्र याहून गुंतागुंतीचे आहे. 1957 च्या शिक्षण नियमांत एक फट आहे. तिसऱ्या इयत्तेपर्यंत मुलांसाठी योग्य वाटेल ती कोणतीही भाषा माध्यम म्हणून वापरता येते. चौथीपासून मात्र इंग्रजीच. व्यवहारात पुस्तके पहिल्यापासून इंग्रजी, शिक्षकांचे समजावणे क्रिओलमध्ये आणि परीक्षा पुन्हा इंग्रजीत. प्राथमिक शाळेच्या जुन्या अखेरच्या परीक्षेत वर्षानुवर्षे साधारण एक तृतीयांश मुले नापास होत. सगळा दोष भाषेचा नाही, गरिबीचाही आहे. पण जे मूल घरात इंग्रजीचा एक शब्द ऐकत नाही, त्याच्या गणिताच्या पेपरात इंग्रजीचीही परीक्षा होते, हे नाकारता येत नाही.

क्रिओलसाठी झटणाऱ्यांत पहिले नाव देव विरासामी यांचे. तेलुगू वंशाचे हे भाषातज्ज्ञ आणि नाटककार 1960 च्या दशकापासून क्रिओल हीच राष्ट्राची भाषा असल्याचे मांडत राहिले. शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’वरून त्यांनी ‘तूफान’ हे क्रिओल नाटक लिहिले. 2023 मध्ये ते गेले. ‘लेदिकासिओं पू त्रावायेर’ म्हणजे ‘कामगारांसाठी शिक्षण’ या संस्थेने प्रौढांना क्रिओलमधून लिहायला-वाचायला शिकवले आणि 1980 च्या दशकात क्रिओल-इंग्रजी कोश काढला. 1983 मध्ये सरकारी दूरचित्रवाणीवर राष्ट्रगीत क्रिओलमध्ये लागले, तेव्हा केवढा गदारोळ झाला! आधीच कुरबुरी असलेली सत्ताधारी आघाडी त्याच महिन्यात फुटली. पुढे 2009 मध्ये अर्नो कार्पूरान यांचा क्रिओल-क्रिओल कोश आला, 2011 मध्ये प्रमाण लेखन आणि व्याकरण ठरले. ‘ही बोली आहे, तिला लिपी-व्याकरण नाही’ हा जुना आक्षेप तिथे संपला.

आणि जानेवारी 2012 मध्ये क्रिओल शाळेत आली. पण कशी? पहिलीतल्या मुलाच्या पालकांना हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, अरबी, चिनी यांतली एक पूर्वजांची भाषा निवडता येते. त्याच यादीत क्रिओलची भर घातली गेली. माझा आक्षेप नेमका इथे आहे. जी सगळ्यांची भाषा, ती एका समाजाची म्हणून मांडली गेली, आणि मराठी घराला मराठी की क्रिओल असा पेच पडला. कास्काव्हेल गावात विठ्ठल-रखुमाईचे देऊळ सांभाळणारे, झाकरी हे लोकनृत्य नाचणारे हे लोक आहेत. घरातून गेलेली मराठी त्यांच्या मुलांना शाळेच्या तासालाच भेटते. तो तास सोडून क्रिओल घ्या, असे त्यांना सांगणे अन्यायाचे आहे. क्रिओल हा पर्यायी विषय नसून पहिल्या इयत्तांचे माध्यम व्हायला हवे. म्हणजे मराठीचा तास मराठीलाच राहील. शेजारच्या सेशेल्सने 1982 पासून प्राथमिक वर्गांत क्रिओल माध्यम वापरले आहे, आणि तिथली मुले इंग्रजीही शिकतात.

इंग्रजी घालवा, असे कोणी शहाणा माणूस म्हणत नाही. नोकरी, व्यापार, जगाशी व्यवहार तिच्यावर चालतात. पण चांगली इंग्रजी शिकण्याचा रस्ता, जे आधीच येते त्यावरून जातो.

आपल्याकडून मॉरिशसच्या मराठी शाळांसाठी पाठ्यपुस्तके आणि शिक्षक पाठवण्याचा उत्साह आहे. तो टिकावा. त्या पुस्तकांत मराठी शब्दाचा अर्थ इंग्रजीतून न देता क्रिओलमधून द्यावा, तिथल्या शिक्षकांना सोबत घेऊन मुलांसाठी एक मराठी-क्रिओल शब्दकोश करावा. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आणि साहित्य संस्थांनी या कामाला हात घालावा, ही विनंती.