आज्ञेचे व्याकरण

संगणकाला आज्ञा देणे हा भाषेचाच व्यवहार आहे. त्यात वारंवार चूक होत असेल तर दोष वापरणाऱ्यापेक्षा त्या आज्ञांचे व्याकरण रचणाऱ्याचा अधिक असतो. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात 1974 च्या सुमारास ‘ब्राव्हो’ हा मजकूर-संपादक तयार झाला. त्यात चालू ‘मोड’नुसार, म्हणजे कामाच्या अवस्थेनुसार, एकच कळ कधी अक्षर उमटवी, तर कधी आज्ञा ठरे. आज्ञांचा मोड चालू आहे हे विसरून कोणी ‘ई, डी, आय, टी’ ही अक्षरे टाइप केली, की ‘ई’ने सगळा मजकूर निवडला जाई, ‘डी’ने तो पुसला जाई, ‘आय’ने लिहिण्याचा मोड सुरू होई आणि कोऱ्या पानावर एकटा ‘टी’ उमटे. लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ या पुढच्या संपादकात हे मोड जवळजवळ काढूनच टाकले.

शब्दक्रमही तितकाच महत्त्वाचा. ‘पुसून टाक’ अशी आज्ञा आधी दिली, की काय पुसायचे ते कळेपर्यंत यंत्र अर्ध्या वाक्यावर अडून राहते आणि मधल्या क्लिकचा भलताच अर्थ लावते. 1981 च्या झेरॉक्स स्टार या संगणकात म्हणून आधी वस्तू निवडायची, मग क्रिया सांगायची, असा क्रम होता. मराठी वाक्यातही कर्म सहसा क्रियापदाच्या आधीच येते. स्टारची खरी कमाल मात्र मोजक्या क्रियापदांत होती. हलवणे, नक्कल करणे, पुसणे या क्रिया शब्दाला, चित्राला, फाइलीला सारख्याच लागू पडत. थोड्या नियमांतून अगणित वाक्ये घडवण्याची भाषेची ताकद इथे पडद्यावर उतरली.

त्याच वर्षी आयबीएममधील फिलिस राइझनर यांनी एका चित्रप्रणालीच्या आज्ञांचे औपचारिक व्याकरणच लिहून काढले. सारख्या कामांना वेगवेगळे नियम लागत असतील, तिथे वापरणारा अडखळणार, हे अशा व्याकरणातून आधीच ताडता येते.

आज्ञांना जसे व्याकरण, तसे यंत्राच्या उत्तरांना तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांचे संवादाचे नियम लावता येतात. 1975 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी म्हटले, की बोलणे खरे, पुरेसे, प्रस्तुत आणि सुस्पष्ट असावे अशी ऐकणाऱ्याची अपेक्षा असते. पडद्यावरचा अर्ज भरताना येणारा ‘माहिती अवैध’ हा संदेश खरा असतो, पण पुरेसा नसतो. ‘पिनकोडमध्ये सहा अंक हवेत, पाचच भरले आहेत’ असे चुकलेल्या रकान्याशेजारी दिसले, तर पुढे काय करायचे ते लगेच कळते.