वनवाटेवरचे गाळणे

कापसाच्या वऱ्हाडातील व्यापारी घरांत एखादे अपत्य असे असते की, सुटी मिळताच त्याची पावले चिखलदऱ्याच्या घाटाकडे, अकोल्याकडील नरनाळ्याच्या तटाकडे किंवा मुक्तागिरीच्या बावन्न मंदिरांच्या वाटेकडे वळतात. अशा भ्रमणप्रिय मुलास वा मुलीस वाढदिवशी काय द्यावे? आईने स्वहस्ते शिवलेले गाळणे द्यावे.

श्रावकाचाराच्या परंपरेत गाळण्याचे माप ३६ अंगुळे लांब व २४ अंगुळे रुंद सांगितले जाते. म्हणजे सुमारे २७ व १८ इंच. घट्ट विणीचे जाड सुती कापड घेऊन खळ निघेपर्यंत धुवावे, दुहेरी करावे आणि कडा बारीक टाक्यांनी शिवाव्यात. उरलेल्या कापडाची नाडी ओवलेली थैली शिवावी, म्हणजे गाळणे तीत स्वच्छ राहते. रेशीम वा चामडे कोठेही लागत नाही.

गाळण्यात उरलेले सूक्ष्म जीव, म्हणजे जिवाणी, त्याच झऱ्यात हळुवार परत सोडावी. बांगलादेशातील गावांत जुन्या साडीच्या किमान चार पदरांतून पाणी गाळल्याने पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटल्याचे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. तरीही कापडाने सर्व रोगजंतू अडत नाहीत; म्हणून गाळलेले पाणी मुक्कामी उकळूनच प्यावे.

घरचे नियम घरीच राहतील, ही चिंता रानात जाणाऱ्यांच्या आईला असते. झऱ्याकाठी ती थैली उघडली गेली, की तिची चिंता मिटते.