कॉन्फिडन्समधला ‘आत्म’ कुठून आला?

‘मुलगी हुशार आहे हो, पण कॉन्फिडन्स नाही!’ पालकसभेत हे वाक्य हमखास ऐकू येतं. म्हणायचं असतं एवढंच, की ती चारचौघांत इंग्रजी बोलत नाही.

कॉन्फिडन्स म्हणजे आत्मविश्वास, हा समज निम्माच बरोबर. लॅटिन ‘फिदेरे’ म्हणजे भरवसा ठेवणं. त्याला जोर आणणारा ‘कॉन’ लागून हा शब्द घडला. भरवसा कोणावर, हे शब्द सांगत नाही. लोकसभेत ‘नो कॉन्फिडन्स मोशन’ येतं तेव्हा पंतप्रधानांचा आत्मविश्वास कोणी तपासत नाही. सभागृहाचा त्यांच्यावर विश्वास उरलाय का, एवढंच पाहतात. मराठीने तिथे ‘अविश्वास ठराव’ म्हटलं, ‘आत्म’ मध्ये आणला नाही. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार एका मताने पडलं, २६९ विरुद्ध २७०, तो होता विश्वासदर्शक ठराव.

‘कॉन’ म्हणजे फसवणूक, म्हणून ‘कॉन मॅन’, असंही अनेकांना वाटतं. तसं नाही. १८४९मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्पसन नावाचा एक भामटा पकडला गेला. कपडे झकपक, बोलणं गोड. रस्त्यात अनोळखी माणसाशी जुन्या ओळखीसारख्या गप्पा मारायच्या आणि मग हळूच विचारायचं, उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे ठेवाल, एवढा विश्वास आहे का माझ्यावर? भिडेपोटी लोक खिशातलं घड्याळ काढून देत! वर्तमानपत्रांनी त्याला ‘कॉन्फिडन्स मॅन’ म्हटलं आणि पुढे त्याचंच आखूड रूप झालं ‘कॉन मॅन’. हा कॉन्फिडन्स भामट्याचा नव्हे, घड्याळ देणाऱ्याचा.

ऑफिसात साहेबांनी ‘इन कॉन्फिडन्स’ काही सांगितलं, तर ते ठामपणे सांगितलं असं समजून चारजणांना सांगत सुटू नका. ती विश्वासात घेऊन सांगितलेली गोष्ट असते. ठामपणे बोलणं ते ‘विथ कॉन्फिडन्स’. एका अक्षराचा खेळ तर आणखी खोडकर: ‘कॉन्फिडंट’ लिहिताना ‘ई’च्या जागी ‘ए’ पडला, की खात्री बाळगणाऱ्याऐवजी जिच्यापाशी मन मोकळं करावं अशी व्यक्ती उभी राहते.

आणि ‘आय अ‍ॅम कॉन्फिडन्स’ म्हणजे ‘मी आत्मविश्वास आहे’. मुलाखतीत हे छातीठोकपणे म्हणणारे कमी नाहीत.

पालकसभेतली ती मुलगी फळ्यावर गणित न अडखळता सोडवते, चुकलेली पायरी स्वतःच पुसते. तिची फक्त भीड चेपायची राहिली आहे.