नाव सेम, कार्ड वेगळं!

पॉकेटमनी, स्टायपेंड आणि बाबांकडून थोडी उधारी असं सगळं जमवून तुम्ही पीसी असेंबल करायला लॅमिंग्टन रोडवर पोचता. ‘आरटीएक्स ३०६० आहे का?’ असं विचारता. काउंटरवर दोन बॉक्स येतात. त्यातला एक जरा स्वस्त. मग तोच घ्यायचा ना? थांबा!

एनव्हिडियाचं हे कार्ड २०२१मध्ये आलं ते १२ जीबी मेमरी घेऊन. २०२२मध्ये त्याच नावाने ८ जीबीवालं आलं. दोन्हींत कोअर्स सारखेच, ३५८४. पण फरक नुसता ४ जीबीचा नाही. मेमरी बस १९२ बिटवरून १२८वर आली आणि बँडविड्थ सेकंदाला ३६० जीबीवरून २४०वर. म्हणजे कारखाना तेवढाच, पण माल आणणारा सहापदरी रस्ता चौपदरी झाला!

छोट्या बजेटच्या जीटी १०३०ची गोष्ट तर याहून वाईट. जीडीडीआर५वाल्या कार्डची बँडविड्थ ४८ जीबी, तर नंतर आलेल्या डीडीआर४वाल्याची १७ जीबीपेक्षाही कमी. नाव मात्र तेच!

म्हणून नुसतं नाव विचारू नका. मेमरी किती, कोणत्या प्रकारची आणि बस किती बिटची, हे तीन प्रश्न विचाराच. बिलावर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. सेकंड हँड घेताय? जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर तिथेच चालवून बघा, या तिन्ही गोष्टी स्क्रीनवर दिसतात. पैसे साठवायला कित्येक महिने गेलेत, तपासायला दोन मिनिटं द्यायला काय हरकत आहे?