येसर, सराटे आणि बारालाचा

नांदेड समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेतीनशे मीटरवर. लातूर बालाघाटच्या पठारावर आहे म्हणून थोडं वर, इतकंच. राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १६४६ मीटर. मनाली गावच त्याच्यापेक्षा उंचावर वसलंय. अशा मुलखातली माणसं तंबू, चूल, शिधा सायकलवर बांधून, मागे गाडी न ठेवता हिमालयातल्या खिंडी ओलांडायला निघतात. रेल्वेची सोय मात्र त्यांना आयती आहे. हुजूर साहिबच्या यात्रेकरूंसाठी धावणारी सचखंड एक्स्प्रेस थेट अमृतसरला पोचते आणि दुसरी एक साप्ताहिक गाडी हिमाचलातल्या अंब अंदौऱ्यापर्यंत जाते. पेडल काढायचे, हँडल आडवं वळवायचं, पार्सल ऑफिसात पावती फाडायची आणि सायकल आपल्याच गाडीने येवो अशी प्रार्थना करायची.

या वेडाची वंशावळ मराठवाड्याबाहेरची आहे आणि ती ‘बाइकपॅकिंग’ या शब्दाहून बरीच जुनी आहे. अमेरिकन लष्कराच्या २५व्या पायदळ पलटणीतल्या कृष्णवर्णीय सैनिकांची एक सायकल-तुकडी १८९७च्या उन्हाळ्यात मोंटानातून सेंट लुईसला गेली. सुमारे १९०० मैलांच्या त्या वाटेवर रॉकी पर्वताचा चिखल होता, बर्फही होतं. घोंगडी आणि तंबूचं कापड गुंडाळून हँडलला बांधायचं आणि बाकीचं सामान सांगाड्याच्या त्रिकोणात बसवायचं ही त्यांची पद्धत. आजच्या महागड्या पिशव्या नेमक्या त्याच दोन जागी लटकतात.

आपल्याकडची मोठी नोंद मुंबईची. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८च्या मार्चमध्ये, सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून परतले. त्यांच्या पराक्रमाच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. पण गटाने निघणाऱ्यांनी खरं तर उरलेल्या तिघांची गोष्ट नीट वाचायला हवी. एक जण तेहरानहून मागे फिरला, एक अमेरिकेत राहून गेला, एक तिथूनच घरी परतला. सहांचा गट सहांचाच राहील असं गृहीत धरलेली मोहीम तिथेच संपली असती.

मराठी तरुणांना गटाने सायकल चालवण्याचं पहिलं मोठं दर्शन घडवलं ते बाबा आमटेंच्या ‘भारत जोडो’ने. डिसेंबर १९८५मध्ये शंभरावर तरुण-तरुणी कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. पाठीच्या दुखण्यामुळे बाबा वाहनातून सोबत होते. १९८८मध्ये दुसरी फेरी अरुणाचलातून गुजरातकडे निघाली. मागे वाहन होतं, गावोगावी मुक्कामाची व्यवस्था होती, त्यामुळे तिला स्वावलंबी मोहीम म्हणता येणार नाही. पण पुढच्याने किती पुढे जायचं आणि मागच्यासाठी कुठे थांबायचं, याची शिस्त तिथे लागली.

मराठवाड्यात मात्र तेव्हा सायकल हा छंद नव्हता. दुधाच्या कॅन, ऊस, शाळेची पोरं आणि पिठाची गोणी एकाच कॅरिअरवर वाहणारं ते कामाचं जनावर होतं. मोटारसायकली आल्या तशी ती गोठ्यात गेली. राहिली ती दोन ठिकाणी: ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवण्यांना पळणाऱ्या मुलांकडे, आणि मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना मिळालेल्या सायकलींच्या रूपाने.

छंद म्हणून ती परतली गेल्या पंधरा वर्षांत. गिअरच्या सायकली मोठ्या शहरांतून जिल्ह्याच्या गावी येऊ लागल्या आणि त्याच सुमारास पुण्याच्या दिव्या ताटे यांच्या पुढाकाराने भारतात ‘ब्रेव्हे’ रुजल्या. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत. नियम एकच पण कडक: दोन नाक्यांच्या मधे बाहेरच्या कुणाची मदत घ्यायची नाही. पंक्चर आपणच काढायचं, पाणी आपणच शोधायचं. १८९१पासून चालत आलेल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसची ही पायरी. तिथे २०१९मध्ये गेलेल्या भारतीयांपैकी अनेकांना १२०० किलोमीटर पुरे करता आले नाहीत. समोरचा वारा आणि रात्रीची थंडी यांनी त्यांना गाठलं. मे महिन्यात बेचाळीस अंशांत सायकल हाणणाऱ्या नांदेडकराने या बातमीतून घ्यायचा तो बोध घेतला: उन्हाची सवय थंडीत कामाला येत नाही.

त्याच काळात नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण केली. मागे गाडी आणि मदतनीसांचा ताफा होता, कारण ती स्पर्धाच तशी. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८मध्ये, विशीत, एकटीने सामान लादून १५९ दिवसांत २९,००० किलोमीटर फिरली. ही दोन टोकं. मराठवाड्यातल्या चार-सहा जणांच्या गटांना बसायचं असतं यांच्या मधल्या जागेत, आणि तिथली तयारी वेगळी असते.

मग २०२० आलं. टाळेबंदीत दुकानांतल्या सायकली खपल्या. नेमकं त्याच वर्षी, ३ जूनच्या जागतिक सायकल दिनी, ॲटलसने साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद केला. बापाची ॲटलस अडगळीत, पोराची गिअरवाली दिवाणखान्यात, असं चित्र घरोघरी दिसू लागलं. सकाळच्या तीस किलोमीटरांवर समाधान न झालेल्यांनी नकाशे उघडले आणि बोट लेहवर ठेवलं.

पहिली तयारी दमाची, असं सगळ्यांनाच वाटतं. घाट नाही ही ओरडही ठरलेली. वास्तविक परळी-अंबाजोगाई वाटेवरचा कन्हेरवाडीचा घाट आहे, किनवटहून माहूरकडे जाणारा जंगलातला चढउतार आहे, आणि गड चढायचा तर रेणुकामाता आहेच. चढ छोटे आहेत, म्हणून तोच घाट सामान लादून पुन्हा पुन्हा चढायचा. मनाली-लेह रस्त्याचा चढ तसा अंगावर येणारा नाही. सरासरी पाच-सहा टक्के. पण तो संपत नाही. गाटा लूप्सची २१ वळणं चढल्यावर पुढे नाकी ला आणि लाचुंग ला उभेच असतात. तिथे ताकदीपेक्षा दातांचा हिशोब चालतो: पुढे ३४, मागे ३४ दात असले की पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा, म्हणजे साधारण सव्वादोन मीटर. लादलेल्या सायकलीला याहून हलका गिअर मिळाला तर गुडघे दुवा देतात.

खरी घासाघीस सामानावर होते. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी झोळ्या लटकवल्या की सामान भरपूर मावतं, आणि मावतं म्हणून माणूस भरतो. खडबडीत रस्त्यावर कॅरिअरचे बोल्ट ढिले होतात, कधी दांडीच तुटते. म्हणून पट्ट्यांनी आवळायच्या पिशव्या आल्या: एक हँडलवर, एक दांड्याखाली, एक सीटमागे. आयात पिशवीची किंमत ऐकून अनेक जण रेक्झिनची कामं करणाऱ्या कारागिराकडे जातात. तो पुठ्ठ्यावर माप काढून शिवून देतो. शिवणीतून पाणी गळतं, म्हणून आत प्लास्टिकची थैली घालायची.

काय वाटून घ्यायचं आणि काय नाही, इथे नवखे गट चुकतात. चूल, पातेलं, मोठा पंप, चेन तोडायचं हत्यार हे सगळ्यांत मिळून चालतं. चाकांचं माप एक असेल तर ट्यूबही एकमेकांच्या. पण गिअरचा मागचा भाग सांगाड्याला जोडणारा छोटा हूक प्रत्येक सायकलीचा निराळा असतो. मुद्दाम मोडावा म्हणूनच तो मऊ धातूचा केलेला असतो, आणि वाटेतल्या सरचूला त्याचा जोड मिळत नाही. तो ज्याचा त्याने खिशात ठेवायचा. चाकाचा आउट काढणं, निदान चाक ब्रेकला घासणार नाही इतपत, गटात दोघांना तरी आलं पाहिजे. पंक्चरचं मात्र मराठवाड्याला शिकवावं लागत नाही. वेडी बाभूळ आणि सराटे यांनी ते शिक्षण बालपणीच पुरं केलेलं असतं.

शिध्याची गोष्ट मजेची. लेहच्या साडेतीन हजार मीटर उंचीवर पाणी नव्वदच्याही खाली उकळतं, पांगला त्याहून लवकर. डाळ तासभर शिजते आणि तरी दाताखाली येते. गॅसचा डबा रेल्वेत नेता येत नाही, तो मनालीला घ्यायचा, म्हणजे इंधनही मोजून. अशा वेळी पाकिटबंद परदेशी जेवणाच्या जाहिराती वाचण्याआधी घरातल्या डब्यात हात घालावा. येसर आधीच भाजलेलं असतं. उकळत्या पाण्यात कालवलं की आमटी. धपाटे आणि दशम्या पहिले दोन-तीन दिवस निभावतात, पुढे शेंगदाणे-गूळ. पाण्याची काटकसर वेगळी सांगायला नको. १२ एप्रिल २०१६ रोजी ‘जलदूत’ रेल्वेने मिरजेहून पाच लाख लिटर पाणी लातूरला आणलं, तेव्हा अख्ख्या गावाने घागरी मोजल्या होत्या. लेहच्या वाटेवरच्या मोरेच्या माळावर प्रश्न उलटा पडतो: तहान लागत नाही, म्हणून पाणी पोटात जात नाही.

उंचीची तयारी मात्र सपाटीवर होत नाही. कितीही घाट चढा. पाच हजार तीनशे मीटरवर, म्हणजे तांगलांग ला खिंडीत, हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो. तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम पाचशे मीटरहून अधिक उंच करू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा डॉक्टरांचा सल्ला. पूर्वी रोहतांगची ३९७८ मीटरची खिंड चढून केलाँगला तीन हजारांच्या आसपास झोपायला उतरावं लागे. शरीराला ती आपोआप मिळणारी तालीम होती. ३ ऑक्टोबर २०२०ला अटल बोगदा सुरू झाला, रस्ता ४६ किलोमीटरनी आखूड झाला आणि तालीम ऐच्छिक झाली. सुट्ट्या मोजून निघालेले नोकरदार ती टाळतात. रजेच्या अर्जात विश्रांतीचे दोन दिवस वाढवणं हा या सगळ्या तयारीतला बहुधा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग असावा.

बारालाचा खिंडीच्या पलीकडे एखाद्याचं डोकं ठणकू लागलं, उलट्या झाल्या, तोल जाऊ लागला, तर औषधाच्या गोळीआधी खाली उतरणं महत्त्वाचं. तिथे ‘तू जा, आम्ही पुढे होतो’ चालत नाही. म्हणून आता समजदार गट जोड्या ठरवूनच निघतात. तंबू दोघांचा, चूल दर दोघांना एक. वजन थोडं वाढतं, ते चालवून घ्यायचं. रोख पैसे, औषधांचा संच आणि सगळ्यांच्या घरचे फोन नंबर प्रत्येक जोडीकडे असतात. एक जोडी ट्रकला हात करून केलाँगकडे वळली, तरी उरलेल्यांची संध्याकाळची आमटी अडत नाही.