सरपण कोणत्या झाडाचे?

आपल्या बेटावर फिलाओचे जळण कोणीही ओळखतो. पण इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांना तिकडचा ओंडका कसा ओळखू यावा? तेथे वादळानंतर पडलेले लाकूड पुष्कळ मिळते. १९८७ च्या ऑक्टोबरातील वादळात दक्षिण इंग्लंडात सुमारे दीड कोटी झाडे कोसळली होती.

प्रथम साल पाहावी. कागदासारखी सुटणारी पांढरी साल बर्चची, राखाडी व गुळगुळीत साल बीचची. मग टोक सुरीने तासून भिंगातून पाहावे. ओक आणि ॲश यांच्या प्रत्येक वलयाच्या आरंभी मोठी छिद्रे दिसतात. मध्यापासून सालीकडे रुंद रेषा गेल्या असतील तर ओक. त्या दिसत नसून लाकूड फिकट असेल तर बहुधा ॲश.

ही ओळख कामाची आहे. ॲश लवकर वाळते, ओकला दोन वर्षेही लागतात. ओल्या लाकडाचा धूर मुलांच्या छातीला बाधतो. म्हणूनच १ मे २०२१ पासून इंग्लंडात थोड्या प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सरपणात ओल २० टक्क्यांहून अधिक चालत नाही.

रंगवलेले किंवा औषध मारलेले लाकूड मात्र मुळीच जाळू नये. जुन्या कुंपणाच्या खांबांत आर्सेनिक असू शकते. आणि पडलेले लाकूडही मालकाला विचारूनच उचलावे.