उतारशाळेकडे परत येणारा

हा अंक तुमच्या हाती पडेल, तेव्हा शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांत निघायची तयारी सुरू असेल. दिवाळी सरली की वीटभट्टीची गाडी येते. पातेली, गोधड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, पोरं, सगळा संसार तीत चढतो. पावसाळ्यात घेतलेली उचल अंगावर असते, ती फेडायची. शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावाचं पाणी १८९२ पासून मुंबई पिते, भातसाचंही पिते. आणि चैत्र-वैशाखात याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघतात.

ख्रिस्ती माणसानं इथं काय करावं, हे मी शोमरोन्याच्या दाखल्याला विचारतो. त्यानं वाटेत पडलेल्या परक्याच्या जखमांवर तेल नि द्राक्षारस ओतला, हे सगळ्यांना आठवतं. उतारशाळेच्या मालकाला पैसे देऊन वरचा खर्च परतताना चुकवायचं त्यानं कबूल केलं, ते मात्र सहज निसटतं. मला तर सगळी सेवा त्या कबुलीतच दिसते.

महाराष्ट्रात अशी कबुली पाळणारे झाले. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७४ मध्ये दुष्काळानं नेले. १८९६ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या, आणि केडगावी त्यांना वाचायला, विणायला, छापखाना चालवायला शिकवलं. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारलं.

पण शहापूरकडे बघताना मला जामखेडच आठवतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तिथं गेले. दोघं वेल्लोरला शिकलेले. त्यांनी दवाखाना काढला, पण भिस्त ठेवली गावातल्या बायांवर. बऱ्याच जणी निरक्षर, कित्येक दलित. बाळंतपण, जुलाब, पोराचं वजन, सगळं त्यांनी शिकून घेतलं. दुष्काळात बोअर घेताना हातपंप दलित वस्तीत बसतील, असं डॉक्टरांनी पाहिलं. घागर भरायची तर सवर्ण बाईला त्या वस्तीत यावं लागे. विटाळावर याहून मोठं प्रवचन मी ऐकलेलं नाही. १९७१ मध्ये तिथं हजार जन्मांमागे १७६ बाळं दगावत; पुढं हा आकडा तिशीच्या खाली आला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २०११ मध्ये. 

नाताळला ब्लँकेटं घेऊन वाड्यांवर जाणाऱ्या माझ्या मंडळींना मी हेच सांगत असतो. ब्लँकेटं जरूर न्या, थंडी खरी असते. पण त्या दिवसांत वाडीत बहुधा म्हातारीकोतारीच भेटतात. पोरं भट्टीवर असतात आणि शाळेच्या हजेरीत त्यांच्या नावापुढं गैरहजेरी पडत असते. जूनमध्ये छपरं शाकारायला माणसं माघारी येतील. नव्या उचलीची बोलणी सुरू होण्याआधी, त्या आठवड्यात जा. वाडीतलीच एखादी बाई शोधा, जी तान्ह्याचा श्वास मोजायला शिकेल.